भाजी धुवायची नाही

आमच्या इंझोरीत हरभऱ्याची भाजी कोणी धूत नसे. पालक तीनतीनदा धुवायचा, मेथी निवडून मग धुवायची, चिवळीची भाजी तर माती धरून असते म्हणून घमेलंभर पाण्यात खळबळून काढायची. हरभऱ्याची भाजी मात्र वावरातून लुगड्याच्या ओट्यात यायची, ओट्यातून सुपात आणि सुपातून थेट विळीवर. सूप दोनदा पाखडलं, एखादी काडी, एखादी अळी वेचून बाजूला टाकली, की झालं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. शाळेत नुकतंच शिकवलं होतं की पालेभाज्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात. त्या दिवशी घरात मदतीचा उत्साह आला आणि मी आजीनं आणलेली सगळी भाजी न्हाणीजवळच्या बादलीत बुडवली. आजी मागच्या दारानं आली आणि जागच्या जागी थांबली. "काहून धुवून राहिली व बाई? आंब गेल्यावर त्या भाजीत काय राह्यते?" ती रागावली नव्हती. तिला वाईट वाटलं होतं. सकाळभर कंबरेत वाकून खुडलेल्या भाजीतलं सगळ्यात मोलाचं जे होतं, ते मी न्हाणीच्या पाण्यात सोडून दिलं होतं.

आंब हा शब्द कळायला हरभऱ्याच्या वावरातून एकदा सकाळी चालून पाहावं लागतं. मार्गशीर्षातली थंडी असावी, दव पडलेलं असावं आणि पाय उघडे असावेत. चार तासं ओलांडली की पोटऱ्या चिकट होतात, टाचेला भेग असेल तर ती चुरचुरायला लागते. हरभऱ्याच्या पानावर, देठावर, घाट्यावरसुद्धा बारीक लव असते. त्या लवेच्या टोकांना आम्लाचे अगदी सूक्ष्म थेंब येतात. त्यात मुख्यतः मॅलिक आम्ल, म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारं तेच, आणि जोडीला ऑक्झॅलिक आम्ल. घाटेअळीची वाढ रोखायला यातलं ऑक्झॅलिक आम्ल मदत करतं, असं प्रयोगशाळेतल्या संशोधनातही दिसून आलेलं आहे. म्हणजे झाडानं स्वतःच्या रक्षणासाठी अंगावर घेतलेलं हे पांघरूण आहे, आणि आमच्या भाजीची चवही तेच आहे. फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला की आमच्याकडची माणसं "खार धुऊन गेला" म्हणून कपाळाला हात लावतात, तोही हाच खार.

आजीकडे एक जुनं मलमलचं धोतर होतं. पौषातल्या एखाद्या रात्री ती ते हरभऱ्यावर पसरून यायची आणि पहाटे दवासकट पिळून आणायची. बाटलीभर पांढुरकं, झणझणीत आंबट पाणी. पोट दुखलं, जेवण अंगावर आलं, की चमचाभर त्यातलं पाण्यात घालून द्यायची. आयुर्वेदात याला चणकाम्ल म्हणतात, हे मला फार पुढे समजलं. आजीसाठी ती फक्त आंब होती, आणि ती बाटली देव्हाऱ्याच्या कोनाड्यात गंगाजलाच्या गडूशेजारी असायची.

हे सगळं पुन्हा मनात यायला निमित्त झालं ते एका परक्या भाजीचं. तीन वर्षांपूर्वी पुण्याहून भाचा आला आणि त्यानं बियांचं एक छोटं पाकीट माझ्या हातात ठेवलं. पाकिटावर कुरळ्या, गडद हिरव्या पानांचं चित्र. "मावशी, ही केल. परसात लाव. पालकापेक्षा पौष्टिक असते म्हणतात." नोकरी संपवून मी इंझोरीच्या जुन्या घरी परतले होते. मागची परसबाग पडीक होती, विहिरीला पाणी होतं आणि हातात वेळ होता. मी लावली.

केल आपल्याला वाटते तितकी परकी नाही. पत्ताकोबी, फूलकोबी, नवलकोल आणि केल ही एकाच वनस्पतीची रूपं आहेत. कोणाचा गड्डा वाढवला, कोणाचं फूल, कोणाचं खोड, आणि केलीचं पान. काश्मिरात घरोघरी शिजणारं हाक तिच्याच नात्यातलं. म्हणून मी तिला कोबीसारखंच वागवलं. नवरात्राच्या आधी गादीवाफ्यावर रोप टाकलं, महिनाभरानं दीड-दीड फुटावर लावलं, बुडाशी कुजलेलं शेणखत दिलं. वाशिम जिल्ह्यातली काळी माती कोबीवर्गाला मानवते, थंडीही चांगली पडते. दोन महिन्यांत झाडं गुडघ्याला आली. मावा आणि हिरवी अळी आली तेव्हा निंबोळ्या कुटून पाच टक्क्यांचा अर्क केला आणि दर आठवड्याला फवारला. पाच किलो निंबोळ्या आणि शंभर लिटर पाणी हे वावराचं माप. माझ्या वाफ्याला पावभर निंबोळ्या आणि पाच लिटर पाणी पुरलं.

केल तोडायची रीत भाच्यानं फोनवरून सांगितली. खालची, बाहेरची पानं देठासकट मोडून घ्यायची आणि मधला शेंडा अजिबात दुखवायचा नाही. शेंडा राहिला तर झाड वर वर चढत जातं आणि महिनोन् महिने पानं देत राहतं. मी तसंच केलं. पण पहिलं पान मोडताना माझा हात आपोआप शेंड्याकडे गेला होता. हाताची ती जुनी सवय हरभऱ्याची होती.

हरभऱ्याचं सगळं याच्या उलट. तिथं शेंडाच खुडायचा. पेरून महिना झाला, झाड वीतभर झालं, फुलं यायला अजून अवकाश आहे, ही वेळ धरायची. अंगठ्याचं नख आणि तर्जनी यांच्यात वरची दोन-तीन पानं धरायची आणि नखानं तोडायची. "नख लाव, ओढू नोको. ओढलं का झाड उपटते," आजी मागून सांगत यायची. वीतभर झाडाची मुळं अजून धड रुजलेली नसतात, हिसका बसला की ते सैल होतं. म्हणून डाव्या हातानं झाडाला हलका आधार द्यायचा आणि उजव्या हातानं खुडायचं. बोटांची टोकं आधी हिरवी, मग तपकिरी, मग काळपट होतात. तो रंग चिंचेनंही नीट जात नाही, तीन-चार दिवस राहतो. आमच्या वर्गातल्या मुलींची बोटं हिवाळ्यात बघितली की कोणाच्या घरी हरभरा आहे ते कळायचं.

आणि शेंडा खुडल्यानं झाडाचं नुकसान होत नाही, भलं होतं. शेंड्याचा जोर मोडला की बगलेतले डोळे फुटतात, एका फांदीच्या जागी तीन-चार होतात, झाड पसरतं आणि घाटे वाढतात. कृषी विद्यापीठंही फुलोऱ्याआधी शेंडे खुडा म्हणून सांगतात. आजीला विद्यापीठ माहीत नव्हतं. अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सुरू झालं 1969 साली, तेव्हा तिच्या बोटांना हे काम करून पंचवीस-तीस वर्षं झाली असतील. "शेंडा घेतला का खालून फुटते ते," एवढं तिचं शास्त्र होतं आणि ते पुरेसं होतं. त्यामुळे भाजीसाठी कोणाच्याही वावरात शिरायला बाईला परवानगी मागावी लागत नसे. तुम्ही भाजी नेता म्हणजे वावरधन्याचं काम करता, असा तो उघड व्यवहार होता. ज्यांच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती, त्या घरांतही हिवाळ्यात ही भाजी रोज शिजायची. हरभऱ्याच्या भाजीबद्दल मला सर्वांत जास्त प्रेम वाटतं ते याच कारणासाठी. दाणा मालकाचा, पाला गावाचा.

ओल्या भाजीचे प्रकार फार नाहीत. बारीक चिरून कांदा, हिरवी मिरची, मीठ आणि वरून कच्चं तेल घातलं की घोळाणा; आमच्याकडे ळ चा य होतो म्हणून आजीच्या तोंडी तो घोयाना. ताटात ज्वारीची गरम भाकर आणि बाजूला हे. किंवा मग तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, रवीनं घोटून, वरून लसणाची फोडणी. पण या भाजीची खरी करामत ओली असताना नाही, वाळल्यावर आहे.

आमच्याकडच्या उन्हाळ्याची ज्याला सवय नाही, त्याला याची गरज समजायची नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो. परसातलं वांगं वाळून जातं, वेलांची पानं दुपारी कागदासारखी वाजतात. आता कारंज्याच्या बाजारात बारा महिने सगळं मिळतं, पण माझ्या लहानपणी चैत्रापासून मृगापर्यंत ताटातला हिरवा रंगच नाहीसा व्हायचा. मग डाळी, बेसन, चटण्या, आणि गाडग्यातली वाळलेली हरभऱ्याची भाजी.

ती वाळवायची पद्धत मी आजीच्या हाताखाली शिकले, आणि आता दर वर्षी तशीच करते. भाजी दव उतरल्यावर खुडायची. ओली असताना खुडली तर ढिगात तापते आणि काळी पडते. घरी आणली की लगेच पसरायची, टोपल्यात दाबून ठेवायची नाही. ओसरीवर बाज टाकायची, तिच्यावर जुनं सुती लुगडं आणि त्यावर भाजीचा पातळ थर, बोटभरसुद्धा जाड नको. पहिल्या दिवशी सावलीत. थेट उन्हात टाकली तर पान लवकर वाळतं पण पिवळं पडतं आणि वास उडून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं. रात्री घरात घ्यायची, नाहीतर दवानं पुन्हा ओलसर होते. दिवसातून दोनदा हलक्या हातानं परतायची. चौथ्या दिवशी काडी कटकन मोडली की समजायचं, झाली. मग दोन्ही तळव्यांत चुरायची. पानं भुरभुरून खाली पडतात, काड्या हातात राहतात, त्या बकरीला. उरलेला चुरा चाळणीतून काढायचा. टोपलंभर भाजीची ओंजळ-दोन ओंजळी होते. पानात पाऊण हिस्सा पाणीच असतं, ते जातं आणि आंब मात्र सगळी मागं राहते. म्हणून वाळलेली भाजी ओलीपेक्षा जास्त आंबट लागते.

भरायची मातीच्या गाडग्यात. गाडगं आधी उन्हात तापवून घ्यायचं, तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला, मग भाजी दाबून. तोंडावर दुहेरी फडकं, सुतळीनं आवळलेलं, आणि गाडगं चुलीच्या वरच्या अंगाला शिंक्यात. धुरानं ओल येत नाही आणि किडाही लागत नाही. मृग लागेपर्यंत ती संपवायची असा दंडक होता. उरली तर आभाळ येण्याआधी एक ऊन दाखवायचं. मी आता काचेच्या बरणीत भरते, कारण माझ्या घरात चूल नाही. पण बरणी उन्हात तापवते आणि कडुलिंबाचा पाला चुकवत नाही.

शिजवायची तेव्हा मूठभर भाजी कोमट पाण्यात भिजवायची आणि ते पाणी फेकायचं नाही, त्यातच शिजवायची. ज्वारीच्या कण्या, मूठभर तुरीची डाळ, ठेचलेला लसूण, दोन सुक्या मिरच्या. आजी जवसाच्या तेलाची फोडणी द्यायची. रवीनं घोटली की दाट, हिरवट-तपकिरी भाजी होते. बाहेर मे महिन्याची झळ असते आणि पहिल्या घासाला पौषातलं वावर तोंडात येतं. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. आंबटपणाचा, गवताचा आणि किंचित धुराचा तो वास थेट त्या सकाळीच घेऊन जातो.

आमच्या घरात 1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी या गाडग्यांशिवाय पुऱ्या होत नसत. तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी होती, सुकडी होती, रोजगार हमीची खडी फोडणं होतं. मिलोची भाकर कोरडी, घशात अडकणारी. आजीनं आदल्या हिवाळ्यात चार गाडगी भरून ठेवली होती. तिनं ती चार गाडगी मोजून वापरली, आणि शेजारच्या दोन घरांना त्यातलं अर्धं गाडगं दिलं. "तेवढ्या भाजीनं भाकर खाली उतरे," एवढंच ती सांगायची. त्या वर्षी रब्बीचा हरभरा आलाच नाही, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात शिंकं रिकामं होतं. ते रिकामं शिंकं तिला दुष्काळापेक्षा जास्त आठवायचं.

काश्मीरमध्ये हीच गोष्ट थंडीच्या टोकाला घडते. तिथं हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद व्हायचे, म्हणून उन्हाळ्यातच वांगी, दुधी, टमाटे, शलगम चिरून, दोऱ्यांत ओवून वाळवून ठेवतात. त्याला होख स्युन म्हणतात, म्हणजे वाळलेली भाजी. त्यांचा भुकेचा मोसम हिवाळा, आमचा उन्हाळा. एकानं उन्हाळा साठवून हिवाळ्यात खायचा, दुसऱ्यानं हिवाळा साठवून उन्हाळ्यात. बायकांच्या हातांना दोन्हीकडे तेच काम.

परतल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, आता काय, चारी बाजूंना हरभराच हरभरा आहे. खरंच आहे. सोयाबीन निघालं की आमच्या मानोरा तालुक्यात नजर जाईल तिथं हरभरा. हरभऱ्याच्या पिकात महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा. पूर्वी चाफा नावाचं वाण पेरत, आता जॅकी 9218, विजय, फुले विक्रम. फुले विक्रमसारखं उंच, उभं वाढणारं वाण यंत्रानं सोंगता येतं. मजूर मिळत नाहीत, तेव्हा शेतकऱ्याला ते सोयीचंच आहे. एका सकाळी पिशवी घेऊन निघाले आणि रस्त्याकडेच्या एका वावरात वाकले. दोन मुठी खुडून झाल्या असतील. पलीकडे काम करणारी एक बाई धावत आली. "ताई, नोका घेऊ. परवाच फवारा मारला त्याच्यावर."

माझ्या हातातली भाजी ताजी, टवटवीत होती. एक अळी नव्हती तिच्यात, एका पानाला भोक नव्हतं. लहानपणी सुपात पाखडताना हमखास अळ्या निघायच्या. मी त्या बाईला विचारलं, तुम्ही भाजी कुठून नेता? ती म्हणाली, "आता कोनी नेत नाही जी. कोनाच्या वावरात कवा काय मारलं, काय सांगता येते?"

तरीही ती भाजी टाकून द्यायचा जीव झाला नाही. घरी आणली, मिठाच्या पाण्यात ठेवली, तीनदा चोळून धुतली. शिजवली. चवच नव्हती. कसलाही गवताळ पाला शिजवावा तशी लागली, आणि धुऊनही मनातली भीती गेली नाही म्हणून शेवटी उकिरड्यात गेली. तेव्हा आजीचं ते वाक्य मला पहिल्यांदा पुरतं समजलं. भाजी धुवायची नाही, हा चवीचा नियम होताच. पण तो पाळता यायचा तो वावरावर भरवसा होता म्हणून. नियम मोडला तो मी बादलीत भाजी बुडवली तेव्हा नव्हे.

यात शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. माझे दोन चुलतभाऊ शेती करतात. घाटेअळी एकदा घाट्यात शिरली की आठवड्यात वावर मोकळं करते. एक अळी तीस-चाळीस घाटे फस्त करू शकते. त्यात रोही आणि रानडुकरं आहेतच. जवळच कारंजा-सोहळचं काळवीट अभयारण्य आहे, हरणांचे कळपही हिरव्या हरभऱ्यावर येतात. राखण करून करून माणूस थकतो. पेरताना बियाण्याला बुरशीनाशक, मग तणनाशक, मग अळीचा पहिला फवारा, दुसरा फवारा. दाण्याचा भाव अनेकदा हमीभावाच्या खाली असतो, मग पाल्याचा विचार कोण करणार? पाल्याला भाव नाहीच. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हाही बोललं गेलं ते दाण्यातल्या प्रथिनांबद्दल. पानाबद्दल फारसं कोणी बोललं नाही. अमेरिकेतल्या पोषणशास्त्रज्ञांनी मात्र 2003 साली हरभऱ्याच्या पानांतली खनिजं मोजून पाहिली होती आणि कितीतरी बाबतींत ती पालक आणि पत्ताकोबीपेक्षा सरस निघाली. ज्या पालकाशी तुलना करून भाच्यानं मला केल दिली, त्याच पालकाला मागं टाकणारं पान आमच्या गावाभोवती हजारो एकरांवर उभं आहे, आणि आम्ही ते खाऊ शकत नाही.

म्हणून दुसऱ्या वर्षी मी परसात केलीच्या शेजारी हरभऱ्याचा वाफा केला. दहा फूट लांब, चार फूट रुंद. दाण्यासाठी पेरतात तसा फूटभर अंतरानं नव्हे, वीतभर अंतरावर ओळी, कारण मला पाला हवा होता. बी चुलतभावाच्या घरात खाण्यासाठी ठेवलेल्या हरभऱ्यातलं, औषध न लावलेलं. कोजागिरीनंतर पेरला. पाणी बेतानं, या झाडाला पाण्याचा लाड सोसत नाही, बुडाशी ओल साचली की मर लागते आणि उभं झाड वाळतं. वाफ्यात मधोमध तुऱ्हाटीच्या चार काड्या उभ्या रोवल्या. त्यांच्यावर कोतवाल आणि साळुंक्या येऊन बसतात आणि अळ्या टिपतात. काही अळ्या मी हातानं वेचते. काही पानांना भोकं असतात, ती असू देते.

पहिली खुडणी तिसाव्या-एकतिसाव्या दिवशी. दहा-बारा दिवसांनी दुसरी, मग तिसरी. फुलं दिसली की हात थांबवते, पान तोवर निबर होतं. पंधरा दिवसांच्या अंतरानं दुसरा छोटा वाफा पेरते, म्हणजे भोगीच्या भाजीपर्यंत कोवळा पाला राहतो.

केलही आहेच, तिचं मन मोडायचं नाही. पण तिच्या साठवणीचं मला अजून जमलेलं नाही. भाच्यानं सांगितलं तसं उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच थंड पाण्यात, मग निथळून फ्रीझरमध्ये ठेवली. मे महिन्यात दोन दिवस वीज गेली आणि सगळ्या पिशव्या पाण्याच्या झाल्या. मग पुढच्या वर्षी तिलाही बाजेवर वाळवलं. वाळते छान, वरणात चुरून घातली तर मुलं खातात. मार्चमध्ये ऊन चढलं की तिची पानं कडू आणि चामट होतात, तेव्हा मी झाडं उपटून गाईला घालते. थंड मुलखातली भाजी आहे ती. तिच्या देशात पहिलं हिमदव पडलं की ती गोड होते म्हणतात, कारण थंडीनं पानात साखर वाढते. आमच्याकडे थंडीनं आंब वाढते. मला दोन्ही आवडतात.

मागच्या वर्षी शेजारची एक सून वाफा बघायला आली. तिचं माहेर शहरातलं, हरभऱ्याची भाजी तिनं कधी खुडलेली नव्हती. मी तिला नख कसं लावायचं ते दाखवलं. पहिली पाच-सहा झाडं तिनं ओढली, मग हात बसला. ओंजळभर झाल्यावर तिनं पाट्याजवळच्या नळाकडे वळून विचारलं, "काकू, कुठं धुऊ?" मी तिला म्हटलं, धुऊ नको, एक पान तोंडात टाक. तिनं टाकलं. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, मग हसली आणि दुसरं पान उचललं.

यंदा दोन वाफ्यांची मिळून पाऊण किलो वाळलेली भाजी झाली. एक बरणी माझी, एक शेजारच्या सुनेची, एक लहान डबा पुण्याला. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी बेतानं खावी, एवढं मी डबा देताना सांगते, कारण ऑक्झॅलिक आम्ल त्यात आहेच.

माझ्या चुलतभावांशी बोलून झालं आहे. पुढच्या रब्बीत घराकडच्या बांधाला लागून दोन तासं ते मोकळी सोडणार आहेत. बियाण्याला औषध नाही, तणनाशक नाही, आणि पंप घेतलेला माणूस त्या तासांच्या दहा पावलं अलीकडेच थांबणार. अळी आली तर तेवढ्या तासांतला दाणा जाईल, हे त्यांनी मान्य केलंय. तुमच्याकडे वावर असेल तर तुम्हीही दोन तासं सोडा, नसेल तर परसात नाहीतर गच्चीवरच्या चार कुंड्यांत मूठभर हरभरा टाका. तिसाव्या दिवशी नख लावा, ओढू नका. आणि भाजी धुऊ नका.